बटणं आणायला

मॅडमनी दोन्ही वह्या टेबलावर उघड्या ठेवल्या आणि एकाच वाक्याखाली दोनदा लाल रेघ ओढली.

‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला आणि ‘अ‍ॅडव्हाइज’ म्हणजे सल्ला देणं. हा फरक घरातलं उदाहरण देऊन लिहायचा होता. दोघींनी लिहिलं होतं: आई शिलाई मशीनला अ‍ॅडव्हाइस देते, पण मशीनच उलट आईला अ‍ॅडव्हाइज करतं.

कुणी कुणाचं उतरवलं ते उद्या सांगा, मॅडम म्हणाल्या. जिनं उतरवलं, ती वादविवादाच्या संघात नाही.

मिरीने मान खाली घातली. चणीने एवढीशी म्हणून मिरी. आणि दुसरी, तोंडाचा पट्टा चालू म्हणून सगळ्यांची वकीलबाई. खाली मान घालणारा माणूस दोषीच, हा वकीलबाईंचा कायदा. घरी जाताना वकीलबाईंनी मनातल्या मनात सगळा तपास केला. मधल्या सुट्टीत दप्तर कुणाजवळ होतं? पट्टी मागायला कोण आलं होतं? आणि मिरीच्या घरी शिलाई मशीन तरी आहे का?

आई गणवेशाला दुमड घालत होती. खटला ऐकता ऐकता मशीनच्या पायडलवरचे तिचे पाय थांबले.

“मिरीचं नाव नको घेऊस.”

“का?”

“नको म्हटलं ना.”

आता संशयाने आईकडे तोंड वळवलं. महिनाभर आई रोज संध्याकाळी बटणं आणायला जात होती, तासभर. बटणांचा डबा मात्र होता तेवढाच.

“बटणं कुठून आणतेस गं तू?”

आई कात्री शोधू लागली. कात्री तिच्या गळ्यातच लटकत होती.

वकीलबाईंनी मापाचा खाकी कागद उचलला. मागच्या बाजूला वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं होती, शेजारी मिरीच्या गोल अक्षरातल्या दुरुस्त्या. सगळ्यात खाली मशीनचं ते वाक्य, आईच्या हातचं. त्यापुढे बरोबरची खूण.

“हे तर तू रविवारी जेवताना म्हणालीस. मी तिथूनच घेतलं.”

“हो. केवढी हसलीस.”

“मिरी काहीच बोलली नाही शाळेत.”

“मी शपथ घातलीय तिला.”

“पण मला का नाही सांगितलंस, शिकव म्हणून?”

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा हुकला, दुसऱ्यांदाही.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हाही हसलीस.”

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या. मिरीने उठायला बाकाला हात टेकला, तोवर वकीलबाई उभ्या होत्या.

“मी उतरवलं, मॅडम.”

कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मिरी पहिल्यांदाच मान वर करून बघत राहिली.

संध्याकाळी आईने चपला घातल्या. बटणं आणते, म्हणाली. वकीलबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. कंपासमधली पेन्सिल काढली, तिला नीट टोक केलं आणि आईच्या पिशवीत टाकली.