उत्तय्याचे दोन बार

"अम्मा, या बंदुकीला परवाना लागत नाही हे मलाही ठाऊक आहे," हवालदार हनुमंतप्पा म्हणाला. "पण निवडणूक आहे. गावातली एकूण एक बंदूक चौकीत जमा. निकालापर्यंत कुणालाच मिळणार नाही."

"परवाना लागत नाही म्हणजे ती आमची, हो ना?" चोंदम्मानं छत्री त्याच्या टेबलावर आपटली. "ठासणीची जुनी बंदूक. तिनं कुणाचा खून होणार आहे? बार भरेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येईल!"

"परवानामाफीचा दाखला उत्तय्यांच्या नावावर आहे. त्यांनी यावं, अर्ज द्यावा, मी साहेबांना विचारतो."

"ते येऊ शकले असते तर मी कशाला आले असते रे? डॉक्टरांनी हात टेकलेत. आज-उद्याचे सोबती आहेत."

"मग निकालानंतर या."

"मरण काय तुझ्या निकालाची वाट बघत बसणार आहे?"

हनुमंतप्पा मैदानी मुलखातला माणूस, कोडगूच्या डोंगरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याला कुठून कळावं? इथं मुलगा जन्मला की अंगणात बंदुकीचा एक बार काढतात आणि माणूस गेलं की दोन. बार ऐकला की खोऱ्यातली माणसं हातातलं काम टाकून पांढरे कपडे चढवतात.

आणि हे दोन बार काढायचे ते उत्तय्यानं. चाळीस वर्षं त्यानं कॉफीच्या मळ्यावर पोती मोजली. बिचाऱ्याला मळ्याच्या मालकानं कधी नावानं हाक मारली नाही. पण मयताच्या घरी पहिलं बोलावणं त्यालाच. दोन नळ्यांची बंदूक असावी इतक्या झटपट त्याचे बार निघत. दुसऱ्या बारासाठी कुणाची तरी बंदूक तो आधीच भरून घेई, पण पहिला बार स्वतःच्याच बंदुकीचा. मूलबाळ नव्हतं. अंथरुणावरून त्यानं बायकोजवळ, चोंदम्माजवळ, एकच मागितलं होतं. "मी आलो तेव्हा आपल्या बंदुकीनंच सांगितलं होतं. जाताना पण तिनंच सांगू दे."

"निदान बघू तरी दे," चोंदम्मा म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता.

हनुमंतप्पाला दया आली. त्यानं आतली खोली उघडली. भिंतीला एक्केचाळीस बंदुका टेकवलेल्या. तिनं आपली लगेच ओळखली. दस्त्याला गेल्या शस्त्रपूजेच्या सणाची कळलावीची फुलं वाळून चिकटली होती आणि नळीच्या तोंडात तिनंच कोंबलेली निळी चिंधी होती. जमा करायच्या आधी तिनं नळी कढत पाण्यानं धुतली होती, पाणी नितळ येईपर्यंत. मग तेल, मग चिंधी. ती बंदुकीवरून हात फिरवून बाहेर आली. हनुमंतप्पानं कुलूप लावलं आणि तिचा अर्ज लिहायला घेतला.

त्यानं तारीख घातली, तेवढ्यात बार झाला. लगेच दुसरा.

हनुमंतप्पाच्या हातातलं पेन उडालं. "अरे बापरे! कोण उडवतंय? सगळ्या बंदुका तर इथं आहेत!" धावत जाऊन त्यानं कुलूप ओढून पाहिलं, खोली उघडली, बोटानं मोजलं. एक्केचाळीस. खोलीत धूर नव्हता, वास नव्हता.

चोंदम्मा बाकावर बसून राहिली. एवढ्या झटपट दोन बार काढणारा हात खोऱ्यात एकच होता.

"गेले," ती म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं.

ती घरी पोचली तेव्हा अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं. शेजारची नीलम्मा तिच्या गळ्यात पडली. "अक्का, अकराला गेले गं. मी अजून कुणाला निरोपसुद्धा धाडला नव्हता."

"मग ही माणसं कशी आली?"

"बार ऐकला म्हणतात," नीलम्मा म्हणाली आणि दारातून आतल्या रिकाम्या खुंटीकडे पाहू लागली.

निकालानंतर चोंदम्मा चौकीत गेली.

"दाखला आता कुणाच्या नावावर करायचा?" हनुमंतप्पानं विचारलं.

"माझ्या."

"बाईच्या?"

"मी कोडव आहे ना? माफी सगळ्या कोडवांना आहे. तुझ्या कायद्यात बाई चालत नाही असं लिहिलंय का? बघ."

त्यानं खरंच कागद उलटून पाहिला. नव्हतं लिहिलेलं. मग त्यानं नाव घातलं आणि बंदूक दोन्ही हातांनी तिला दिली.

"यात निळी चिंधी होती."

"नोंदीत नाही, अम्मा." तो तिच्याकडे बघत नव्हता.

घरी तिनं पाणी तापवलं आणि नळीत ओतलं. काळंभोर पाणी अंगणात वाहिलं आणि जळक्या दारूचा वास सुटला. दुसरी किटली ओतली, तीही काळी. तिसऱ्या किटलीला पाणी नितळ आलं.

तिनं नळी पुसली, तेल लावलं. ती जन्मली तेव्हा कुणी बार काढला नव्हता, पोरगी ना! पण जाताना दोन तिचेही होते. नवी चिंधी तिनं हातात घेतली, जरा वेळ धरली आणि कोनाड्यात ठेवून दिली. बंदूक तिनं खुंटीला टांगली, नळीचं तोंड उघडं ठेवून.