मैनेचा हाफ टायम

“एक तिकीट माणसाचं, एक म्हशीचं,” केरबा मिरज स्टेशनच्या खिडकीत वाकून म्हणाला. “दोन्ही बार्शी. दोन्ही परतीची.”

आतल्या बाबूनं चष्मा कपाळावर सरकवला. “म्हशीला तिकीट नसतं, पावती असते. आणि विकायला नेताय तर परतीची कशाला?”

“इकायला कोण नेतंय? मॅचला निघालोय.”

“कोण?”

“आमी दोघंबी.”

बाबूनं मान बाहेर काढून पाहिलं. दुसरी प्रेक्षक खरंच उभी होती, इंजिनाइतकी काळी, आणि वजनकाट्याला पाठ घासत होती. पावतीवर ‘जनावर नेण्याचे कारण’ असा रकाना होता. त्यात आजवर बाबूनं बाजार, प्रदर्शन आणि दुष्काळ एवढीच कारणं लिहिली होती. त्यानं थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात ‘फुटबॉल’ असं लिहिलं.

केरबा कोल्हापुरातल्या गंगावेशीचा गवळी. तिथं संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला ओळीनं उभ्या राहतात, गिऱ्हाईक पेला पुढं करतं, धार थेट पेल्यात पडते आणि फेस मिशीला लागला की व्यवहार पूर्ण होतो. दूध तापवून पिणाऱ्या माणसाला तिथं आजारी समजतात. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी केरबा म्हैस घेऊन नदीवरून परत येत होता. वाटेतल्या मैदानावर घाटाजवळच्या कॉलेजाचा संघ सांगलीकडून दोन गोल खाऊन हाफ टायमाला गवतावर पसरला होता. केरबाला ते बघवेना. त्यानं म्हैस गोलपोस्टाला बांधली आणि अकरा पोरांना अकरा पेले पाजले. उत्तरार्धात पोरांनी तीन गोल केले.

सामने चारला सुरू होत, आणि तेव्हापासून कॉलेजचा एकही सामना पावणेपाचच्या हाफ टायमाच्या दुधाशिवाय झाला नव्हता. केरबानं शाळा चौथीत सोडली होती, पण ‘आमचं कॉलेज’ म्हणताना त्याचा आवाज प्रिन्सिपॉलच्या वरचा लागे. सामना सांगलीला असला की तो आदल्या दिवशीच म्हैस चालवत निघे आणि जयसिंगपुरात मुक्काम करी. चौदा वर्षांत अकरा कॅप्टन बदलले, दोन म्हशी बदलल्या. तिसरी ही मैना. ती तर शिकलेलीच होती. फाउलच्या तोकड्या शिटीकडं ती ढुंकूनही बघत नसे. हाफ टायमाची लांब शिटी झाली, की ना रेडकू लागे ना पेंड. जागच्या जागी पान्हा सुटे.

आणि पंच्याहत्तर साली आंतरमहाविद्यालयीन क्रीडा मंडळाचं परिपत्रक आलं. कॉलेजचे हेडक्लार्क त्र्यंबकराव यांनी ते केरबाला पायरीवर बसून वाचून दाखवलं. साखर कारखान्यागणिक नवं कॉलेज निघाल्यामुळं कोल्हापूर विभागात अकरा संघ झाले होते आणि सोलापूर विभागात पाच. समतोल साधण्यासाठी मंडळानं चिठ्ठ्या टाकल्या. तीन कोल्हापूरकर बसल्या जागी सोलापूरकर झाले. घाटाजवळचं कॉलेज त्यातलं पहिलं.

“म्हंजे सांगली?” केरबानं विचारलं.

“सांगली आता परका विभाग.”

“अन् आपला कंचा?”

“बार्शी. करमाळा. अक्कलकोट.”

“त्र्यंबकराव, सांगलीला माणूस सायकलीवर जाऊन रातच्या जेवणाला घरात येतोय. अक्कलकोटास्नं आल्यावर घरातली मानसं वळखणार तर हायत का?”

“अंतराचा उल्लेख परिपत्रकात नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी खात्रीसाठी कागदाची मागची बाजूही पाहिली.

सांगलीच्या सामन्याला गंगावेशीतून चाळीस सायकली निघायच्या, हँडलला भाकरी बांधून. बार्शीचं नाव निघताच एकाचं लेथ मशीन आडवं आलं, एकाची बायको, एकाचं पित्त. शेवटी केरबा तेवढा उरला, आणि त्याच्याकडं सायकल नव्हती.

“म्हस बार्शीला न्हेल्यावर हितं गिऱ्हाइकास्नी मी काय पाजू?” त्याची बायको चिमणाबाई म्हणाली. “परिपत्रक?”

“दोन दिस दुसरीवर भागव की. पोरं पयल्यांदाच एवढ्या लांब निघाल्यात. दुधाबिगर खेळली अन् हरली, तर?”

दुधाबिगर खेळून जिंकली तर काय, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

संघ एसटीनं गेला. एसटीत म्हैस घेत नाहीत, याची केरबानं कंडक्टरला दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. मग गुळाच्या ट्रकमधून मिरज, आणि तिथून ही अरुंद रुळांची छोटी गाडी. ती इतकी सावकाश जाई की रुळाकडेची बकरीसुद्धा तिच्याकडं बघायचा कंटाळा करत. गार्ड होता कुरुंदवाडचा शांतिनाथ मगदूम. भला माणूस. गुरांचा डबा त्यानं स्वतःच्या डब्याला लागूनच जोडून घेतला, हिरवं निशाण दाखवलं आणि एक लांब शिटी मारली.

मैनेनं कान टवकारले आणि पान्हा सोडला.

केरबाची छाती फुगली. “बघा! परवासातबी ध्यान हाय तिचं!” त्यानं चरवी लावली आणि पहिला पेला शांतिनाथाला दिला. बार्शी येईपर्यंत कास पुन्हा भरणार, यात त्याला शंका नव्हती. पुढच्या स्टेशनावर लांब शिटी झाली. पुन्हा पान्हा. त्याच्या पुढच्या स्टेशनावर पुन्हा. तेव्हा कुठं केरबाच्या डोक्यात प्रकाश पडला. मैनेच्या मते सामना चालूच होता आणि दर अर्ध्या तासानं हाफ टायम होत होता.

“पावणं, तेवढी शिटी बंद करा की.”

“शिटीबिगर गाडी हलत न्हाय, मामा. नियम हाय.”

“नियमात म्हस हाय का?”

“म्हशीचं काय ल्हिल्यालं न्हाय.”

“मग झालं की! जिथं म्हस हाय, तिथं नियम लागू न्हाय.”

शांतिनाथाला हे पटलं, पण ड्रायव्हरला पटलं नाही. केरबानं मैनेच्या कानांत कडब्याचे बोळे घातले आणि वरून स्वतःचा पटका गुंडाळला. ती पटक्यातूनही ऐकत होती. बार्शीपर्यंतच्या एकूण एक स्टेशनावर गाडी थांबली आणि एकूण एक स्टेशनावर मैना आपल्या कामाला चुकली नाही.

उन्हामुळं सामना चारऐवजी सकाळी आठलाच ठेवला होता. केरबानं मैना गोलच्या मागं बांधली, अकरा पेले धुऊन फळीवर मांडले आणि घोषणा दिल्या. चाळीस माणसांच्या घोषणा एकटा देत असल्यामुळं त्याला मध्ये दम लागत होता. पूर्वार्ध शून्य-शून्य. रेफरीनं लांब शिटी मारली. मैना इमानदारीनं पाय फाकवून उभी राहिली. केरबा खाली बसला, त्यानं चारी सड ओढून पाहिले. चरवीचं बूडसुद्धा ओलं झालं नाही.

कॅप्टन जोतीराम सवयीनं हात पुढं करून उभा होता. त्याच्या मागं दहा पोरं रांगेत.

“दम काढ जरा,” केरबा म्हणाला. “येतंय. येतंय की.”

पोरांनी दम काढला. मग जोतीरामानं हात मागं घेतला. “ऱ्हाऊ द्या, मामा,” तो म्हणाला, आणि सगळी माठाकडं गेली.

उत्तरार्धात पोरांनी तीन गोल केले.

पहिल्या गोलला केरबा उडी मारून ओरडला. दुसऱ्याला नुसता ओरडला. तिसऱ्याला त्यानं मैनेच्या पाठीवर हात ठेवला.

“तीन-शून्य, मामा!” जोतीराम घामानं निथळत येऊन त्याच्या गळ्यात पडला. “एकाला उठाय दिलं न्हाय! अन् हे बघा, फुडच्या बारीला तुमी एवढा तरास घिऊ नगा. मुक्या जनावराचे किती हाल. भागतंय की आमचं.”

तो प्रेमानं म्हणाला होता. त्यामुळं केरबाला शिवी देता आली नाही. संघ एसटीत चढला आणि खिडक्यांतून हात हलवत गेला. केरबानं कोरडे पेले पुसून पोत्यात भरले.

परतीच्या गाडीला शांतिनाथच होता. “ड्रायव्हरला पटवलंय, मामा,” तो लगबगीनं सांगत आला. “मिरजंपातुर नुसतं निशाण. शिटी मारणार न्हाय. सांगा, जिकलासा का?”

“तीन-शून्य.”

“मंग तोंड का असं?”

“ऊन हाय की.”

गाडी बिनशिटीची निघाली. स्टेशनं मुकाट्यानं आली आणि मुकाट्यानं गेली. मैना रवंथ करत राहिली. संध्याकाळी ढालगावला गाडी उभी राहिली, तेव्हा केरबानं मैनेच्या कासेवरून हात फिरवला. ती दगडासारखी टच्च भरली होती. त्यानं डब्यातून खाली उडी मारली.

“शांतिनाथ, किती वाजलं?”

“पावणेपाच.”

“वाजवा की मग. लांब वाजवा.”

शांतिनाथानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, छाती भरून घेतली आणि सबंध रेल्वेच्या इतिहासात नसेल अशी लांब शिटी मारली. मैनेनं पान्हा सोडला. केरबानं पेले प्लॅटफॉर्मवर मांडले. पहिला शांतिनाथाला. मग ड्रायव्हर, फायरमन, दोन हमाल, तालुक्याला निघालेला एक तलाठी, आणि लग्नाहून परतणारी तीन माणसं. स्टेशनमास्तर गाडी का हलत नाही म्हणून ओरडत बाहेर आले. त्यांच्याही हातात पेला गेला.

“गाडी लेट व्हायली,” ते फेस पुसत म्हणाले.

“हाफ टायम धा मिंटाचा असतोय,” केरबा म्हणाला. “बसा.”

मास्तर बसले.

अकरावा पेला पितळी होता. तो केरबानं काठोकाठ भरला आणि कुणालाच दिला नाही.

“ह्यो कुणाचा?” शांतिनाथानं विचारलं.

“कॅप्टनचा.”

“आवं, त्यो एसटीनं कवाच फुडं गेला. अन् ह्या गाडीच्या हिसक्यानं मिरजंपातुर लोणी हुईल त्याचं.”

“हुईना. लोणी दीन त्याला.”

दहा मिनिटं झाली. शांतिनाथानं निशाण दाखवलं, सवयीनं शिटी तोंडाला लावली आणि मैनेकडं पाहून जरा थांबला. मग फाउलला मारतात तशी तोकडीच मारली. मैनेनं ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीनं पहिला हिसका दिला. गुरांच्या डब्यात केरबा पाय रोवून उभा होता, दोन्ही हातांत पितळी पेला. गाडी जशी हलेल तसे त्याचे हात दुधाबरोबर वरखाली होत होते. मिरजेपर्यंत तो खाली बसला नाही आणि दुधाचा एक थेंब सांडला नाही.