पेन्सिलची फुली

टपालपेटीच्या तोंडावर चिकटपट्टी मारली होती. खाली कागद डकवला होता : 'संप चालू आहे. पत्रे टाकू नयेत.' कुलूपवाला हातात पाकीट धरून तिच्यापुढे नुसता उभा राहिला. पेटीचं कुलूप त्याने दोन मिनिटांत उघडलं असतं, पण आतलं पुढे नेणारा माणूसच कामावर नव्हता. आणि कराचं विवरणपत्र पोचवायचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता.

त्याने मेहुणीला फोन लावला.

"भाऊजी, पेपर वाचता की नुसत्या किल्ल्या गुंडाळता त्यात? संपाला आठवडा झाला!"

"मला कोण सांगणार?"

असलं सगळं त्याला सांगायची ती मेहुणीची ताई, त्याची बायको. तिला जाऊन चार महिने झाले होते.

"स्वतःच नेऊन द्या," मेहुणी म्हणाली. "आजच. उद्या तिथे मुंगी शिरायला जागा नसेल."

एकतीस वर्षं दुकानाचं विवरणपत्र बायकोच भरायची आणि आठ दिवस आधी टपालात टाकायची. एकदाही उशीर नाही. दंडाचं त्याला फारसं वाटत नव्हतं. तिच्या माघारी पहिल्याच वर्षी उशीर, हे मात्र त्याला नको होतं. म्हणून तिची गेल्या वर्षीची कच्ची प्रत शेजारी ठेवून, तीन रविवार घालवून, त्याने एकेक रकाना स्वतः भरला होता.

दोन बस बदलून तो कर कार्यालयात पोचला. रांग जिन्यापर्यंत आली होती. पुढचे गृहस्थ टपालखात्याच्या नावाने बोटं मोडत होते. यानेही दोन मोडून घेतली.

खिडकीतल्या बाईंनी पानं चाळली. "अक्षर छान आहे हो काका. बेरीजही बरोबर. पण सही कुठाय?"

"सही?"

"शेवटच्या पानावर. टपालाने आलं असतं ना, तर तसंच परत गेलं असतं. तुमच्या हातात पडेपर्यंत मुदत संपली असती."

"फुली नव्हती," तो म्हणाला.

"कसली फुली?"

"आमची ही पेन्सिलने फुली मारून द्यायची. मी तिथे सही करायचो. बाकी काही बघायचोच नाही."

"मग या वर्षी?"

"या वर्षी ती नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "आटपा हो!" बाईंनी तिकडे असं पाहिलं की पुन्हा आवाज आला नाही. मग त्यांनी पेन्सिल घेतली, शेवटच्या पानावर बारीक फुली मारली आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

"इथं करा, काका. सावकाश."

त्याने सही केली. शिक्का धाडकन बसला. पोच हातात आली, तिच्यावर आजची तारीख.

बाहेर पायरीवर बसून त्याने पुन्हा फोन लावला. "झालं गं. एक दिवस आधी."

"ताई आठ दिवस आधी टाकायची."

"पुढच्या वर्षी मी सात दिवस आधी टाकेन. आठ तिचेच राहू देत."

मेहुणी हसली. "जेवलात का?"

"नाही," तो म्हणाला. "आता जेवतो."