ससोबाची फेरी

ससोबा पाण्यात पडला, तेव्हा लेकीने रडण्याआधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई घाबरली की रडायचं, हा त्या घरातला नियमच होता.

नदीच्या वळणावर काठ आत गेला होता आणि पाण्याचा मोठा अर्धगोल तयार झाला होता. पायडलच्या होड्या, घसरगुंडी, सायकलींची वाट. संध्याकाळी अर्धं शहर तिथे पाय मोकळे करायला यायचं. ती मात्र लांबच्या बाकावर, लेकीच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरून पाण्याकडे बघत बसायची. नवरा तिला ‘आमचा कॅमेरा’ म्हणायचा.

आज कठड्यातून निसटलेला कापडी ससा नदीकडे निघाला होता. त्याचा कान चोखल्याशिवाय लेकीचा डोळा लागत नसे.

“मी होडी घेतो,” नवरा म्हणाला.

“थांब जरा.”

“थांबून काय? तो पोहत परत येणार आहे?”

“येईल कदाचित.”

नवऱ्याने तिला कोपरापासून हात जोडले आणि होड्यांकडे धावला.

बाकावर बसून तिने कितीदा पाहिलं होतं. कुणाचा चेंडू, कुणाची बाटली अर्धगोल नदीला मिळतो त्या तोंडापर्यंत जायची आणि काही विसरल्यासारखी मागे वळायची. बाहेर नदी उजवीकडे वाहायची. आतलं पाणी मात्र काठाकाठाने डावीकडे, थेट पायऱ्यांपाशी. असं का, हे कोडं तिला सुटलं नव्हतं. पण चेंडू तरंगतो. कापूस पाणी पितो.

लेकीला कडेवर घेऊन ती पायऱ्या उतरली. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती.

“दिसत नाहीये!” लांबून नवरा ओरडला. तो तोंडापाशीच गोल गोल फिरत होता.

तिला दिसत होता. झाडांच्या सावलीतून एक कान येत होता, बाकीचा ससा पाण्याखाली. ओल्या पायरीवर बसून तिने लेकीच्या कमरेला घट्ट मिठी मारली. “धर, कान धर.”

लेकीने धरला. ससोबा निथळत वर आला. लेक हसली आणि म्हणाली, “परत सोडू?”

“नको, तो दमलाय.” तिने आजूबाजूला पाहिलं आणि एक रुंद, वाळलेलं पान उचललं. “हे सोडू. बघू, कुठून येतं.”

“आणि बाबा?”

“तोही इकडूनच येईल,” ती म्हणाली आणि पान पाण्यावर ठेवलं.