अर्धं डोकं नळीचं, अर्धं पंख्याचं

कंपवातानं एल्विन हौगनचे आधी हात हलायला लागले, मग मान. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात त्यानं जन्मभर दुधाचा टँकर चालवला, बर्फातसुद्धा कधी गाडी घसरू दिली नाही. आता साधा कॉफीचा कप धरायचा तर दोन हात लागायचे. तेही त्यानं निभावलं. अडलं ते केस कापण्यापाशी.

त्याच्या मुलीचं, जनेलचं, गावातच सलून होतं. शेवटच्या खेपेला तिनं त्याचं कपाळ एका हातानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं कात्री चालवली. शेजारच्या खुर्चीतली बाई आरशातून बघत होती. घरी आल्यावर एल्विन बायकोला म्हणाला, "मार्लिस, त्या आरशासमोर मी पुन्हा बसणार नाही."

"मग काय, वेण्या घालणार?"

"यंत्र मागवणार. व्हॅक्यूम क्लीनरवर चालणारं."

आली ती दोन यंत्रं. पहिल्याची नळी व्हॅक्यूम क्लीनरला जोडायची. हवेनं केस ताठ ओढले जातात आणि नळीच्या तोंडातली पाती ते कापतात. दुसरं हातात मावणारं, पोटातच पंखा असलेलं. ते थेट डोक्यावर फिरवायचं, कापलेले केस आपोआप आत.

"दोन कशाला?" मार्लिसनं विचारलं.

"टँकर घेताना मी एकच बघून घेतला होता का?"

तो गॅरेजमध्ये स्टुलावर बसला. मार्लिस नळी धरायला पुढे झाली, तसा म्हणाला, "दे इकडे. डोकं माझं आहे."

डाव्या बाजूला त्यानं नळी लावली. हात हलत होता, मान हलत होती, पण पाती कातडीपासून लांब होती. तोंड डोक्याला टेकलेलं राहिलं की काम भागत होतं. केस सारखे निघत गेले. मग उजवीकडे पंखेवालं फिरवलं. ते हाताबरोबर उड्या मारायचं. एका जागी टक्कल पडलं, कानामागे ओरखडा आला.

तेवढ्यात जनेल आली. "बाबा! हे काय करून घेतलंस? रक्त येतंय."

"येऊ दे. आता कळलं ना कुठलं चांगलं ते."

"चल, मी दोन मिनिटांत सारखं करते. दुकान बंद ठेवते, कोणी नसेल."

"म्हणजे मला लपवून बसवणार?"

जनेलच्या तसं मनातही नव्हतं, पण त्याला ते लागलं होतं. उजवी बाजू नळीनं सारखी करू, असं मार्लिसनं सुचवलं, तर तेही त्यानं ऐकलं नाही.

शुक्रवारी गावच्या क्लबात तळलेल्या माशांचं जेवण असतं, सगळं गाव येतं. एल्विन टोपी न घालता आला. मी त्याच्याच टेबलावर होतो. समोर बसलेल्या ड्वेनला राहवलं नाही.

"काय रे, उजवीकडे उंदरांनी कुरतडलं काय?"

"हात लावून बघ," एल्विननं डोकं पुढे केलं. "ही बाजू पंख्याची, ती नळीची. घ्यायचं तर नळीचं घे."

ड्वेननं खरोखरच हात लावला. मग जरा बावरून म्हणाला, "हलतंय रे तुझं."

"हलणारच! तुला काय ते तुझ्या खांद्यांवर बसवायचंय?"

टेबल हसलं. ड्वेनही हसला आणि त्यानं दुसऱ्या बाजूलाही हात फिरवून पाहिला. यंत्र मिळतं कुठे, असं आणखी एकानं विचारलं. सांगताना एल्विनचा हात हलून चटणी शर्टावर सांडली. त्यानं ती पुसली नाही, बोलणं पुरं केलं.

पलीकडच्या टेबलावरून जनेल उठली आणि बापाशेजारी येऊन बसली.

"मागची बाजू राहिलीय," ती हळूच म्हणाली.

"तीही मीच कापणार."

"काप ना. मी फक्त नळी धरीन म्हणत होते."

एल्विननं थोडा विचार केला. "व्हॅक्यूम क्लीनर धर. नळी माझ्याकडे."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातला मासा उचलून खायला लागली.