प्रेलाँगचा बांध

शोभनाकाकी बांधावरचा चाकवत खुडायला वाकली, तसा पलीकडच्या रानातला म्हातारा ट्रॅक्टर थांबवून तिच्यावर ओरडायला लागला. दोन हजार सहाचा जून होता. काकी आमच्या शेजारची, कराडजवळची. तिचा मुलगा रवी अमेरिकेत ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायचा. त्याच्याकडं ती सहा महिन्यांसाठी गेलेली. शहरातलं भाडं झेपेना म्हणून रवी तासाभरावरच्या प्रेलाँग नावाच्या खेड्यात राहायचा.

गाव फ्रेंच लोकांनी वसवलेलं. प्रत्येकाला नदीचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी नदीपासून रस्त्यापर्यंत जमिनीच्या लांबच लांब पट्ट्या पाडलेल्या. चर्चवरची पाटी अजून फ्रेंचमधली, पण ती वाचता येणारं गावात कुणी उरलं नव्हतं. भांडणं तेवढी जुनी चालत आलेली. माती काळीभोर, पाऊस पडला की चपलेला लगदाच धरायची. ती बघून काकीला पहिल्यांदा त्या देशात बरं वाटलं.

ओरडणारा तो लिओ. शेजारची पट्टी त्याच्या सख्ख्या भावाची, आर्मांची. मधला चार हात रुंद बांध कुणाचा, यावरून दोघांत बावीस वर्षं अबोला. रवीनं जाऊन माफी मागितली, तर लिओ म्हणाला, परवानगी देणारा मालक मी आहे, खुशाल खुडा. हे आर्मांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन म्हणाला, मालक मी आहे, भाजी खुडा, हवं तर पेरासुद्धा.

काकीचे दोन दीर अशाच बांधापायी एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नव्हते. तिला काही नवल वाटलं नाही. ती खुरपं घेऊन निघाली. नागपूरची सून लतिका म्हणाली, "आई, इथे लोक प्रॉपर्टीचं फार सीरियसली घेतात."

"दोघांनी बी हो म्हटलंय न्हवं? मग झालं तर."

पंधरा दिवसांत तिनं बांध उघडा केला, ओळी ओढून मेथी पेरली. नदीकडच्या टोकाला खुरपं खणकन वाजलं. उकरलं तर हद्दीचा दगड, वर छिन्नीनं कोरलेली फुली. रवीनं दोघा भावांना बोलावून आणलं. दगड बांधाच्या बरोबर मधोमध होता. म्हणजे ह्याचे दोन हात, त्याचे दोन हात. मग आर्मांनं लिओला विचारलं, गुडघा कसा आहे. ते अंधार पडेस्तोवर तिथंच बसले. काकीनं चहा नेऊन दिला.

मेथी चार बोटं वर आली, तेव्हा दोघं एकाच गाडीतून दारात आले. टोप्या काढून अदबीनं बोलले. रवीला ते आईला सांगताना लाज वाटली. बांध मोडून दोन्ही पट्ट्या एकत्र नांगरायचं ठरलं होतं. उद्यापर्यंत भाजी काढून घ्या.

काकी म्हणाली, "बावीस वर्सं तोंड बघत न्हवते. मला हाकलायला का हुईना, एका गाडीत बसले."

दुसऱ्या दिवशी तिला मदत करायला दोघं भाऊ आले. लिओ आपल्या बाजूनं मेथी उपटत आला, आर्मां आपल्या. मधोमध आल्यावर दोघंही थांबले. मधली ओळ कुणी धरेना.

ती काकीनं उपटली.