साडेपाच कोयते

आमच्या कमिटीत दर रविवारी भांडण होतं आणि ते माझ्याच मेसमध्ये होतं, म्हणून भांडणाचा चहाही माझ्याच गळ्यात. नगरला माळीवाड्याजवळ माझी पोळी-भाजीची मेस आहे. वरच्या खोलीत आम्ही बारा-पंधरा जण जमतो. कोणी तृतीयपंथी, कोणी समलिंगी, कोणी अजून ठरवतंय. मी राजेश्वरी, वय बावन्न, कमिटीतली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात तोंडाळ. फोटो काढायचा असला की मला पुढं बसवतात आणि निर्णय घ्यायचा असला की चहा टाकायला पाठवतात. हे मी त्यांना तोंडावर ऐकवते, म्हणून आमचं बरं चाललंय.

त्या रविवारी मी तिसगावहून गोजरबाई आणि लंकाबाई या दोघींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिसगाव माझं जन्मगाव. गोजर माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी राजेश्वरी होऊन घर सोडलं त्या दिवशी सगळी आळी दारं लावून बसली होती आणि ही एवढीशी पोरगी एकटीच माझी पिशवी घेऊन एसटी स्टँडपर्यंत आली होती. तिच्यासाठी मी कुणाच्याही अंगावर जाईन.

अकरा वर्षांपूर्वी गोजरनं नवऱ्याचं घर सोडलं ते लंकासाठी. गोजर वंजाऱ्याची, लंका मातंग वस्तीतली विधवा. दोघींनी गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली टाकली आणि राहू लागल्या. गावानं नाक मुरडलं. पण खोलीत अंथरूण एकच आहे याचं कुणाला काही वाटलं नाही, माठ एकच आहे याचं मात्र फार वाटलं. माझ्या गावाची ही तऱ्हा आहे, तिला मी काय करू?

दोघी ऊस तोडायला जातात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम दुसऱ्या कुठल्यातरी अर्ध्याशी जोडून देतो. इतकी वर्षं लंका आपल्या दिराबरोबर, श्रीमंतबरोबर जायची आणि गोजर आपल्या भावाबरोबर, भागवतबरोबर. टोळी एकच, त्यामुळं सहा महिने दोघी शेजारी-शेजारी असायच्या. यंदा श्रीमंतला पुण्यात वॉचमनची नोकरी लागली आणि भागवतचं लग्न झालं. दोघींना आनंदच झाला. त्या मुकादमाकडं गेल्या आणि म्हणाल्या, यंदा आम्ही दोघी मिळून एक कोयता.

मुकादम कानिफनाथ म्हणाला, दोन बाया म्हणजे दोन अर्धे कोयते. लंकाला त्यानं नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरकडं जाणाऱ्या आपल्या टोळीत ठेवलं आणि गोजरला कर्नाटकात जाणाऱ्या दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत टाकलं. दसरा होऊन गेला होता, आठवड्याभरात टोळ्या निघणार होत्या. म्हणजे सहा महिने एक इथं, एक तिथं. अकरा वर्षांत या दोघी सहा दिवससुद्धा वेगळ्या राहिल्या नव्हत्या. गोजरनं मला फोनवर हे सांगितलं. मग मी म्हटलं, ये इकडं. आमची कमिटी आहे ना. असल्याच कामासाठी तर आहे.

मी असं का म्हटलं देव जाणे!

दोघी आल्या, भिंतीला टेकून बसल्या. पंकजानं वही उघडली. पंकजा कॉलेजात शिकवते, मनानं सोन्यासारखी आहे, पण तिच्याशी बोलताना मला दर दोन वाक्यांनी अर्थ विचारावा लागतो. तिनं फार प्रेमानं गोजरला विचारलं, "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?"

"म्या? गोजर."

"तसं नाही. म्हणजे तुमची ओळख?"

"ही राजी वळखती की मला," गोजर माझ्याकडं बोट करून म्हणाली.

आणि मग सुरू झालं. एकजण म्हणाला, हा समलिंगी जोडप्याचा प्रश्न आहे, आपल्या बॅनरखाली घ्या. दुसरी म्हणाली, एकल महिलांचा आहे. तिसऱ्यानं जातीचा मुद्दा काढला आणि तो खराही होता. चौथा म्हणाला, हा तर सरळसरळ मजुरांचा विषय. कुणी म्हणालं, आधी कशावर बोलायचं ते ठरवू. दोन तास ठरवलं. माझा रमीज तेवढा गप्प होता. रमीज शिंपी आहे, कापडबाजारात त्याचं छोटं दुकान आहे. मी म्हटलं, तूही बोल की. तो म्हणाला, "राजीआपा, मी बोललो की सगळे विचारतात, मुसलमान म्हणून तुला काय वाटतं? तीन वर्षं झाली, रमीज तुला आवडतं कोण, हे एकानंही विचारलं नाही." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मीही विचारलं नव्हतं.

शेवटी पंकजानं ठराव वाचला. "ऊसतोड क्षेत्रातील समलिंगी, दलित, भटक्या, एकल, स्थलांतरित, श्रमिक महिला..."

लंका इतका वेळ ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, ह्या इतक्या बाया कोन हायेत? आमी दोघीच आलोय."

पंकजाचा चेहरा एवढासा झाला. मी खदखदून हसले आणि मग मला राग आला. म्हटलं, पुरे झालं! ठराव एकमतानं मंजूर, आता त्याचं काय करायचं ते बोला. परवा तिसगावचा बाजार आहे, बाजारात कानिफनाथ वही घेऊन बसतो आणि टोळीतली माणसं पक्की करतो. ज्याला या दोघींसाठी काही करायचंय त्यानं सकाळी आठला स्टँडवर यावं.

आठला दोघं आली. रमीज आणि पंकजा. बाकीच्यांना त्या दिवशी फार कामं निघाली.

करंजीच्या घाटात पंकजाला उलट्या झाल्या. काळीपिवळी जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, त्यात दोन कोंबड्या धरलेल्या नाहीत. पण पोरगी मागं फिरली नाही. तिसगावला उतरली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "चला."

कानिफनाथ चहाच्या हॉटेलपुढं बाकावर बसला होता. समोर त्याची टोळी, नवरे बाकांवर आणि बायका खाली पोत्यावर. तिसगावात मला कोणी अक्का म्हणतं, कोणी काहीच न म्हणता चहा पाजतं. कानिफनाथनं चहा सांगितला. लंका आणि गोजर एका कडेला उभ्या होत्या. गोजरनं लंकाच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते तिच्या ध्यानातही नसावं.

"अक्का, मला ठावं हाय तू कशापायी आलीस," कानिफनाथ म्हणाला. "ह्या दोघी घरात कशा बी ऱ्हाव्यात, मला काय करायचंय? पर कोयता म्हंजे गडी आन् बाई. बाई तोडती, मोळ्या बांधती. गाडी भराय गडी लागतोय. दोन बाया असल्यावर गाडी कोन भरनार? बाकीच्या गड्यांनी ह्यांची बी भरायची का?"

बाकावरचे गडी मान हलवायला लागले. पुंजाराम म्हणाला, "खरं हाय मुकादम." हा पुंजाराम टोळीतला सगळ्यात जुना.

आता मी कानिफनाथच्या अंगावर जाणार, एवढ्यात पंकजा पुढं झाली. मी मनात म्हटलं, संपलं! आता ही ठराव वाचणार. तिनं पिशवीतून कागद काढलाही होता. पण तिनं तो उघडला नाही. ती खाली पोत्यावर बायकांच्यात जाऊन बसली आणि पुंजारामच्या बायकोला, कडूबाईला तिनं विचारलं, "आजी, मला यातलं काहीच माहीत नाही. गाडी भरायची म्हणजे काय करतात? ती तुमचे मालकच भरतात का?"

तिला खरंच माहीत नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग पुंजारामकडं पाहिलं. आणि हसायला लागली. अशी हसली की तिला ठसका लागला.

"माजा मालक?" ती म्हणाली. "अगं बाई, ह्या मानसाचं कंबरडं जाऊन तीन सालं झाली. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत मी चढती. ह्यो खाली हुबा ऱ्हाऊन 'सांबाळून, सांबाळून' म्हनतोय."

"आता कशाला काढती ते चारचौघांत," पुंजाराम पुटपुटला.

"का न काढू? मुकादमानं आज हिशेब इचारलाय." कडूबाई उठून उभी राहिली. "कानिफनाथ, दोन बायांचा कोयता हुत न्हाई ना? मंग मला बी अर्धी लिव्ह. माज्याकडं बी गडी न्हाई, नुस्तं सांबाळून हाय."

सगळा बाजार हसला. तेवढ्यात मागून दुसरी उठली, म्हणाली, मला बी अर्धी लिव्हा, आमचे मालक दुपारच्याला बाटली घेऊन जे आडवे होत्यात ते दिवस मावळल्यावर उठत्यात. तिसरी म्हणाली, आमचा मालक गाडी आली की मोबाईलला रेंज शोधत बांधावर जातोय. चौथीचा नवरा स्वतःच म्हणाला, "माजं नाव घिऊ नगंस, मी भरतोय." आणि तिनं कबूल केलं, "व्हय, ह्यो भरतोय. खोटं कशाला बोलू? ह्यो लई भरतोय." तो गडी लाजला. मला तो फार आवडला. पण उरलेल्या सहाजणीही एकेक करून 'मला बी अर्धी' म्हणाल्या.

कानिफनाथ आधी हसत होता. मग त्याचं हसणं थांबलं आणि तो बोटांवर मोजायला लागला. दहा कोयत्यांची टोळी होती त्याची. त्यानं दोनदा मोजलं.

"साडेपाच?" तो ओरडला. "माज्या टोळीत साडेपाचच कोयते?"

"लई झाले की," कडूबाई म्हणाली. "आन् ह्या दोघींना धरलं तर साडेसहा. माज्या सुनंला फडावर, पाचटाच्या कोपीत कळा सुरू झाल्या तवा कोन हुतं? ही लंका. तिच्या हातचं पानी न पिनारी मी, माजा नातू तिच्या हातात आला. आन् आमी ओढ्यावर आंगूळ करतो तवा काठी घेऊन हुबी कोन ऱ्हाती? ही गोजर. तुजा एक गडी आला हुता का? ह्या दोघी न्हाईत तर मी बी येत न्हाई. जा, भर साडेपाचात गाडी."

मग बायका एकेक करून कडूबाईच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. भांडण नाही, घोषणा नाही. रमीज माझ्या कानाशी म्हणाला, "आपा, आपल्याला असं कधी जमलं?" मी म्हटलं, गप बस, बघू दे.

कानिफनाथनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मुकादम आहे, पण माणूस वाईट नाही. गणित त्याला चांगलं कळतं.

"या गं दोघी," तो म्हणाला. "एकाच टोळीत या. एक कोयता. पर गाडी भरली न्हाई तर बघा."

मला वाटलं, आता या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. दोघी बाकापुढं येऊन उभ्या राहिल्या, शाळेत नाव घालायला आल्यासारख्या. कानिफनाथनं पेन उघडलं. त्याच्या वहीत गड्याचं नाव मोठ्या अक्षरात वर आणि त्याखाली बारीक अक्षरात बाईचं.

"वर कुनाचं लिव्हू?"

"लंकीचं," गोजर म्हणाली.

"हिचं लिव्हा, गोजरचं," लंका म्हणाली, दोघी एकाच दमात.

"एक काय ते सांगा!"

"लंकीचं लिव्ह रं," गोजर म्हणाली. "आदी नवऱ्याच्या खाली हुती, मंग दिराच्या खाली. हिचं नाव एक डाव तरी वर यिऊ दे."

लंका एरवी बोलत नाही. त्या दिवशी ती भर बाजारात मोठ्यानं बोलली. "हिनं माज्यासाठी घरदार सोडलं, मुकादम. माज्या घरचं पानी पिली तवा भावकीनं तोंड फिरवलं, ती बी सोडली. माजं नाव वर आलं तर मला रातीला झोप यायची न्हाई. हिचं लिव्हा."

मी डोळे पुसत होते आणि लपवतही नव्हते. आमच्या कमिटीत बॅनरवर कुणाचं नाव आधी यावं यावरून माणसं महिना-महिना अबोला धरतात. समोरच्याचं नाव आधी यावं म्हणून भांडणारं माणूस मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि तीही दोन.

कानिफनाथनं एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग त्यानं वही आडवी फिरवली आणि दोन्ही नावं एकाच ओळीत, शेजारी-शेजारी, सारख्याच मोठ्या अक्षरात लिहिली.

"आता आंगठा द्या," तो म्हणाला.

"आंगठा कशाला?" लंका म्हणाली. "मला सही येती. हिनं शिकवलीय."